खटपट्यांचा राउटर

दुपारी बायकोची मुलाखत आणि नेमका सकाळीच घरातला राउटर मेला. मुलाखत एका मोठ्या ग्रंथालयाच्या प्रमुखपदासाठी होती आणि कॉम्प्युटरवरूनच व्हायची होती. तिने नवऱ्याला सरळ सांगितलं, "अहो, दुकानात जा आणि नवीन घेऊन या."

पण नवरा दुकानात जाणाऱ्यांतला नव्हता. विमा कचेरीत कारकून असला तरी इमारतीत त्याला सगळे खटपटे म्हणत. खरं आडनाव पोस्टमनसुद्धा विसरला होता. खटपट्यांनी वाचलं होतं, की जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली प्रणाली चढवली आणि त्याला तारेची दोन तोंडं बसवली, की तोच राउटर होतो. एका तोंडात भिंतीतून येणारी इमारतीची सामायिक तार, दुसऱ्यात घरातली. नेट बाहेरून घ्यायचं आणि आत वाटायचं. लिनक्सचा पेनड्राइव्ह वर्षभर खणात तयार होता, फक्त निमित्त मिळत नव्हतं.

मग ते पलंगाखालच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी पालथे पडले, दातांत टॉर्च धरून. दोन्ही तारा करड्या, दोन्ही तोंडं सारखी. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा पंख्याने असा आवाज काढला, की पलंग आता उडतोय की काय असं वाटावं. पडद्यावर अक्षरं भराभर पळाली. खटपट्यांचा ऊर भरून आला. नेट मात्र आलं नाही.

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहते तेव्हा खटपट्यांना जास्त भीती वाटे. तेवढ्यात दारावर खालच्या मजल्यावरच्या, दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या. त्यांचंही नेट गेलं होतं, दातांचे फोटो उघडत नव्हते आणि एक पेशंट मघापासून आ वासून बसला होता. मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. सगळ्या इमारतीचंच नेट बंद होतं.

खटपट्यांचा जीव भांड्यात पडला. "बघ," ते बायकोला म्हणाले, "माझ्या यंत्रात काही दोष नाही."

सेक्रेटरींनी नेटच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, की आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमच्याच इमारतीत कोणीतरी भलतंसलतं काहीतरी जोडलं असणार. हे ऐकून खटपटे इतके संतापले, की त्यांनी तिथल्या तिथे त्या नतद्रष्टाला हुडकून काढायचा विडा उचलला. मुलाखत तोंडावर आली होती, पण त्यांनी आता घरात थांबणं शक्यच नव्हतं.

त्यांनी सेक्रेटरींना बरोबर घेतलं आणि घरोघर हिंडायला सुरुवात केली. लोकांच्या कपाटांमागे हात घातले, टीव्ही सरकवले, एका बाईंच्या शिलाई मशीनची कसून चौकशी केली. प्रत्येक घरात नेटची तार उपटून पुन्हा खोचून पाहिली. कुठे काही होईना. शेवटी ते डॉक्टरीणबाईंच्या टेबलाखाली शिरले. पेशंटचे पाय बाजूला केले, तार उपटली, फुंकर मारली, खोचली. आणि वरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलं."

मग सगळ्यांना तार काढून घालायला सांगितलं आणि घराघरांत नेट आलं. पेशंटने आ वासूनच हात जोडले. सेक्रेटरींना तर खटपट्यांना कुठे ठेवू न् कुठे नको असं झालं.

खटपटे जिना चढून घरी आले तेव्हा घर कमालीचं शांत होतं. मुलाखत संपली होती. बायकोने फोनवरच्या नेटवरून ती दिली होती आणि छान झाली होती.

"फक्त तुमच्या त्या डब्याच्या घरघरीत मला त्यांचे प्रश्नच ऐकू येईनात," ती म्हणाली. "शेवटी उठले आणि त्याचा प्लग ओढून काढला."

"कधी?" खटपट्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आत्ताच. तुम्ही खाली होतात तेव्हा."

खटपटे टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरले. भिंतीतली तार आतल्या तोंडात होती, घरातली बाहेरच्या. सकाळपासून त्यांचा कॉम्प्युटर स्वतःच्या घराला सोडून सगळ्या इमारतीला नेट वाटत बसला होता. आणि त्याच्याकडे नेट नव्हतंच. ते तिथेच पडून राहिले. बाहेर येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण बेल वाजली आणि बाहेर यावं लागलं. दारात सेक्रेटरी होते, मागे चार शेजारी. सर्वानुमते ठरलं होतं, की आजपासून इमारतीचं नेट खटपट्यांनीच सांभाळायचं.

"आणि तुम्ही म्हणे घरी जुन्या कॉम्प्युटरचा राउटर केलाय," सेक्रेटरी म्हणाले. "तोच लावू या की आपल्या सगळ्या इमारतीला."

खटपट्यांनी बायकोकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढी विनवणी करता येते तेवढी केली.

"लावून पाहिला त्यांनी," बायको म्हणाली. "सकाळीच."