साकव उपसमिती

मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या वाटेवरून आत वळल्यावर लागणारे ऐनाचा पाडा हे चाळीस उंबऱ्यांचे गाव सन १९३८ च्या दसऱ्यापर्यंत पूर्णपणे असंघटित होते, हे खेदाने नमूद करावे लागते. गावात भातशेती होती, भजन होते, भाऊबंदकी होती, मंडळ नव्हते. गाव आणि पलीकडची वाडी यांच्यामधून ओढा जातो. त्यावरचा लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जाई आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राही. त्याची रीत अशी की, सकाळी कोणीतरी खांद्यावर कुऱ्हाड टाकून ओढ्याकडे निघे. त्याला पाहून दुसरा निघे. दुपारपर्यंत साकव तयार होई आणि काठावरच तांदळाची भाकरी नि सुकट खाऊन माणसे घरी जात. याला गावात सावड म्हणत. हिला अध्यक्ष नसे, ठराव नसे, आणि कोणी किती खांब ठोकले याची नोंद तर कोठेच नसे.

हा गोंधळ प्रथम जयरामभाऊंच्या लक्षात आला. ठाण्याच्या एका कचेरीत एकवीस वर्षे आवक-जावक सांभाळून ते त्याच भाद्रपदात गावी परतले होते. येताना त्यांनी ग्रामोन्नतीवरचे एक पत्रक आणले होते. साकव बांधण्याचे काम कोणाचे, असे त्यांनी पाराशी बसलेल्यांना विचारले. सगळ्यांचे, असे उत्तर आले. म्हणजे जबाबदार कोणीच नाही, असे जयरामभाऊ म्हणाले. आणि पिढ्यान्पिढ्या त्या साकवावरून गेलेल्या गावाला पहिल्यांदाच भीती वाटली.

दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर ग्रामसुधारणा मंडळ स्थापन झाले. ज्यांची ओटी सर्वांत मोठी ते सावळाराम पाटील अध्यक्ष झाले आणि ज्यांच्याकडे दौत होती ते जयरामभाऊ चिटणीस. पहिलाच ठराव असा की, साकवाचे काम मंडळ हाती घेत आहे. सबब कोणीही, एकट्याने अगर घोळक्याने, परस्पर लाकूड तोडू नये. दुसऱ्या दिवशी फक्त धाऊ कुऱ्हाड घेऊन निघाला. त्याला वाटेतून परत आणून साकव उपसमितीचा सभासद करण्यात आले.

धाऊची घाई वेगळी होती. त्याची बायको देवकी पहिलटकरीण, दिवस दिवाळीच्या आसपास भरत होते, आणि दोन्ही काठांना मिळून एकच सुईण, ठमी, ती राहायची पलीकडे. ओढ्याला दिवाळीपर्यंत छातीभर पाणी. ठमी साठीची, गुडघ्याने अधू. धाऊने हे सगळे सभेत सांगितले. जयरामभाऊंनी ते मन लावून ऐकले आणि गरज आधी सिद्ध व्हावी लागते, असे समजावले. साकवावरून रोज किती माणसे जातात, याची मोजणी ठरली.

उपसमिती तीन दिवस करंजाच्या सावलीत बसली. अहवालात आकडे आले: माणसे शून्य; म्हशी चार, त्याही पोहून. यावरून साकवाची गावाला मुळीच गरज नसल्याचे निष्पन्न झाले.

"पन भाऊ," सावळाराम पाटील डोके खाजवत म्हणाले, "साकवच नाय, तर मानूस जानार कुठनं?"

"तो स्वतंत्र विषय आहे, पाटील. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढच्या बैठकीपूर्वी पलीकडच्या वाडीनेही मंडळ काढले. त्यांचे अध्यक्ष कुंडलिक यांनी काठावरून ओरडून कळवले की, साकवाचा निम्मा भाग आपल्या हद्दीत टेकतो. तेव्हा संयुक्त सभा झाली. ती दोन काठांवर उभे राहून घ्यावी लागली, कारण एकत्र बसायला साकव नव्हता. प्रत्येक मंडळाने आपापला अर्धा बांधावा, असे घसे बसेपर्यंत चर्चा होऊन एकमताने ठरले. मात्र जो आधी बांधील त्याचा साकव भर पाण्यात संपणार आणि त्यावरून माणूस पडणार. लोकांच्या सुरक्षिततेसाठी दोघांनीही दुसऱ्याची वाट पाहावी, असे त्याला उपकलम जोडले गेले.

धनत्रयोदशीच्या दुपारी पाटलांच्या ओटीवर, कठड्याला तेल लावावे की डांबर, यावर सभा चालू असताना धाऊ धापा टाकत आला.

"भाऊ, बाई अडलीय. चार मानसं द्या. बांबू मी तोडून ठेवलेत."

जयरामभाऊंनी कागद पाहिला. "हा विषय पत्रिकेवर नाही."

"पत्रिका ऱ्हाऊ द्या. मानसं द्या."

"शिवाय तू उपसमितीत आहेस. स्वतःच्या घरचं काम तुला सुचवता येत नाही."

पाटील उठू लागले. जयरामभाऊंनी त्यांचे धोतर हलकेच धरून लक्षात आणून दिले की, एक जरी माणूस उठला तरी गणसंख्या भरत नाही, सभा मोडते. आणि सभा मोडली तर परवानगी द्यायला उरते कोण? पाटील खाली बसले. पाटील मनाने वाईट नव्हते. ते अध्यक्ष होते.

धाऊच्या मागोमाग आलेली त्याची वहिनी शकू अंगणात उभी होती. ती म्हणाली, "चला भावजी. यांचं बसनं उरकंपर्यंत पोर शाळंत जाईल."

आठ बाया आणि धाऊ यांनी मिळून दोन बांबू टाकले, वेलींनी बांधले. ठमी त्यांच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि इंचाइंचाने पुढे सरकत, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पदांच्या उतरत्या क्रमाने शिव्या देत अलीकडे आली. दिवेलागणीला देवकी सुटली. मुलगी झाली, रडली, दोघी सुखरूप. निघताना ठमीला वाटेत जयरामभाऊ भेटले.

"तुमच्या येळंला माजी आय आलती, भाऊ," ती म्हणाली. "तवा मंडळ नव्हतं, म्हनून तुमी झालात."

जयरामभाऊंनी ही सूचना म्हणून नोंदवून घेतली. दुसऱ्या दिवशी मंडळापुढे कठीण प्रश्न आला: विनापरवाना उभा राहिलेला साकव पाडावा की त्याचे उद्घाटन करावे? पाडायला माणसे लागली असती, उद्घाटन झाले. वार्षिक अहवालात 'साकव, एक, मंडळाच्या कारकिर्दीत पूर्ण' अशी ओळ पडली. ती वाचून वरचे लोक इतके प्रसन्न झाले की, तालुक्यातल्या आणखी चाळीस गावांत मंडळे निघाली. त्या गावांतून सावड आता कोणाला आठवत नाही. बांबू बायाच टाकतात.

हे वाचून आपणास चीड आली असेल. ती रास्त आहे. आपल्याही आळीत गटारावरची एक फळी गेल्या पावसाळ्यापासून नाहीशी आहे, म्हातारी माणसे तिथे अडखळतात, आणि याबद्दल काहीतरी केले पाहिजे असे आपण दर चार दिवसांनी म्हणता. तेव्हा येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यासाठी सभा ठेवली आहे. आपण वेळेवर याल, दोन शब्द बोलाल, याबद्दल आम्हाला शंका नाही. फळी टाकायला बोलावले असते, तर असती.