अपवाद क्रमांक चार

वकीलसाहेबांनी घराच्या दाराला आतून नियम चिकटवला, तो एका गादीमुळे.

झालं असं, की मागच्या सोमवारी गाद्या विकणारा एक माणूस दारात आला. घरात फक्त आत्या, म्हणजे वकीलसाहेबांची थोरली बहीण. ती तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली. समोर आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. तिने त्याला आत घेतलं, चहा दिला. गादी किती मऊ आहे ते दाखवायला तो बैठकीतच गादी पसरून आडवा झाला, आणि दिवसभर जिने चढून दमलेला बिचारा तिथेच झोपला. वकीलसाहेब एका अशिलाला घेऊन घरी आले तेव्हा बैठकीच्या मधोमध एक अनोळखी गृहस्थ घोरत होते, त्यांच्या अंगावर वकीलसाहेबांचीच शाल होती, आणि आत्या ओठांवर बोट ठेवून म्हणत होती, "हळू. आत्ताच डोळा लागलाय."

दुसऱ्या दिवशी कागद लागला. 'मी घरी नसताना दार कोणालाही उघडू नये.' खाली सही, तारीख आणि एक जाड रेघ.

"कोणालाही?" आईने, म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोने, विचारलं. "माझी किल्ली कायम पर्सच्या तळाशी असते. मी काय जिन्यात पर्स ओतत बसू?"

वकीलसाहेबांनी रेघेखाली लिहिलं, अपवाद एक, पत्नी.

"आणि मांजर?" हा प्रश्न भिंगरीचा. भिंगरी म्हणजे त्यांची नववीतली मुलगी. पाय मुरगळल्यामुळे ती सोफ्यावर पडून होती आणि पायांची उरलेली सगळी शक्ती तोंडात आली होती. अपवाद दोन, मांजर. मग स्वयंपाकघरातला गळका नळ आठवला. अपवाद तीन, आधी फोन करून आलेला प्लंबर.

"आणि आणखी कोणी आलं तर?" आत्याने हळूच विचारलं.

"ताई, अपवाद लिहिण्याची गंमतच ती आहे," वकीलसाहेब खुलले. कायद्याचा विषय निघाला की ते लग्नघरातल्या मामासारखे खुलायचे. "समज, फाटकावर पाटी आहे, रविवारी गाड्या लावायला परवानगी. मग सोमवारी काय?"

"लावायची नाही."

"बघ. मनाई कुठे लिहिलेलीसुद्धा नाही, तरी कळली ना? इथे तर नियमही लिहिलाय. तिघांना सूट दिली, म्हणजे चौथा कितीही गोड बोलला तरी तो नियमात आला."

"नक्की?"

"नक्की."

आत्याने मान हलवली आणि त्यानंतर ती घरात कामापुरतंच बोलू लागली. भिंगरीला ते खटकलं. कागदावर आत्याचं नाव कुठेच नव्हतं, पण तो कोणासाठी लावलाय हे मांजरालाही कळत होतं.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला बेल वाजली.

"ताई, दार उघड. निळी फाईल टेबलावर राहिली. किल्लीही आतच आहे."

आत्याने चष्मा लावला, कागदापाशी गेली आणि बोट ठेवून वाचू लागली.

"ताई, अकराला सुनावणी आहे. त्या सायकलवाल्याचा मूळ करारनामा आहे त्यात. तो दाखवला नाही तर जागामालक त्याचं दुकान काढून घेईल."

"तू घरी आहेस?"

"दारात आहे."

"म्हणजे घरी नाहीस. नियम लागू. तू पत्नी आहेस?"

"ताई."

"मांजर?"

भिंगरीने उशीत तोंड खुपसलं. मग आतला फोन वाजला. आत्याने तो कानाला लावला आणि भिंगरीसाठी स्पीकर चालू केला.

"नमस्कार," घोगरा आवाज आला, "मी प्लंबर बोलतोय."

"बोला. नळ कुठला गळतोय?"

"बाथरूमचा."

"स्वयंपाकघरातला गळतोय, बाळ्या. महिनाभर सांगतेय मी तुला." आत्याने फोन ठेवला.

तेवढ्यात मांजर फिरून आलं आणि दाराबाहेर ओरडू लागलं. हा रीतसर अपवाद. आत्याने साखळी लावून दार मांजरापुरतं उघडलं. मांजर आत आलं. मागोमाग वकीलसाहेबांचा काळ्या बाहीतला हातही आला.

"हे कोण?" आत्याने विचारलं.

"मांजराबरोबर आलोय."

"मांजराबरोबर आलेल्यांना सूट आहे असं लिहिलेलं नाही. हात काढ, चिमटेल."

हात गेला. दार लागलं. मग दाराखालच्या फटीतून एक व्हिजिटिंग कार्ड आत सरकलं. मागे घाईघाईत लिहिलं होतं, अपवाद चार, मी स्वतः.

आत्याने ते उलटसुलट पाहिलं आणि होतं तसं बाहेर सरकवलं. "अपुरं आहे. कारण लिहिलेलं नाही, तारीख नाही."

"ताई, तू तर कोणाला परत पाठवत नाहीस."

"माणसाला नाही. अपुरे फॉर्म तीस वर्षं परत केलेत."

साडेदहा झाले. भिंगरी लंगडत दारापाशी आली आणि भोकाला डोळा लावला. बाबा पायरीवर बसला होता, टाय कानापर्यंत फिरलेला. तेवढ्यात त्याला शोधत सायकलवाला जिना चढून आला. हाताला तेलाचे डाग, अंगात मात्र इस्त्रीचा शर्ट.

"आत्या, आता उघड ना," भिंगरी कुजबुजली. "त्या काकांचं दुकान जाईल."

"थांब जरा," आत्या म्हणाली. तेव्हा कुठे भिंगरीचं लक्ष गेलं. निळी फाईल आत्याच्या काखेत होती, आणि बहुधा पहिल्या बेलपासूनच होती.

बाहेर सायकलवाला विचारत होता, "साहेब, कागद मिळेल ना?"

"मिळेल हो. आत माझी बहीण आहे."

"मग उघडत का नाहीत?"

वकीलसाहेबांनी दारापाशी पडलेलं कार्ड उचललं. "कारण मी तिच्यासाठी नियम केला. तिला माणसं कळत नाहीत असं मला वाटलं. खरं तर लहानपणी मी किल्ली हरवून आलो की हीच गुपचूप दार उघडायची. कोणाला सांगायची नाही."

आत आत्या चष्मा काढून पदराने पुसू लागली. काचा तर स्वच्छ होत्या.

फटीतून कार्ड पुन्हा आत आलं. आता तारीख होती, सही होती आणि अक्षरही लागत होतं. अपवाद चार, ताईला योग्य वाटेल तो कोणीही. कारण, ताई.

आत्याने कार्ड भिंगरीला दिलं. "वकिलाची मुलगी ना तू? बघ, यात काही खोच आहे का?"

भिंगरीने दोनदा वाचलं. "आत्या, एवढा मोठा अपवाद असला तर नियम उरतच नाही."

"हुशार आहेस," आत्या म्हणाली आणि दार सताड उघडलं. "घे फाईल. टाय सरळ कर. आणि यांना पाणी तरी विचारलंस का?"

वकीलसाहेब कोर्टात पोचले तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. करारनाम्यात एक ओळ होती, दर रविवारी सफाईसाठी दुकान मोकळं करून द्यावं. वकीलसाहेबांनी न्यायाधीशांना फाटकावरच्या पाटीची गोष्ट सांगितली. रविवारी मोकळं करायचं असं लिहिलंय, म्हणजे उरलेले सहा दिवस दुकान सायकलवाल्याचंच. न्यायाधीशांना ते पटलं. दुकान राहिलं.

संध्याकाळी वकीलसाहेब तरंगतच जिना चढले. ही बातमी आधी ताईला सांगायची, असं ठरवून त्यांनी बेल वाजवली. दार लगेच उघडलं. भिंगरी एका पायावर उभी होती आणि हसू दाबून तिचे गाल फुगले होते. तिने दाराच्या आतल्या कागदाकडे बोट दाखवलं. रेघेखाली, तीन अपवादांच्या खाली, व्हिजिटिंग कार्ड चिकटवलं होतं.

बैठकीच्या मधोमध एक गादी पसरलेली होती. गादीवर तेच गृहस्थ, अंगावर तीच शाल. शेजारी खुर्चीत आत्या विणत बसली होती.

"आज सहा इमारती चढला बिचारा," ती कुजबुजली. "अपवाद चार."

वकीलसाहेबांनी कार्डावरच्या स्वतःच्या सहीकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर चालत आत गेले.