बकच्या मयताचं गाणं

"बक मरतोय," फोनवर हॉलिस म्हणाला. मालिकेतल्या गाण्यांचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. "मयताचं गाणं लागेल. पुढच्या आठवड्यात दे. आणि हे बाहेर फुटलं, तर तुझी एक ओळसुद्धा या मालिकेत पुन्हा वाजणार नाही."

वेंडेल प्रुइटने कॉफीचा कप खाली ठेवला. नॅशव्हिल शहरातल्या त्या टीव्हीवरच्या संगीतमालिकेची गाणी तोच लिहायचा. पात्रांची लग्नं त्याच्या गाण्यांवर लागली, घटस्फोटही त्याच्याच चालीवर झाले. बक मरायला त्याची काही हरकत नव्हती. पण बकचं काम करणारा रॉइस त्याच्या शेजारीच राहायचा, आणि दोन घरांमधली भिंत अशी, की तिकडे कोणी शिंकलं तर इकडून "जपून रे" म्हणावं.

म्हणून वेंडेल गिटार घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरला. बायकोच्या हिवाळी कोटांत तोंड खुपसून तो दबक्या आवाजात गुणगुणू लागला. भीतीने घाम फुटला होता, पण चाल मात्र अशी लागली की त्याचं त्यालाच रडू आलं.

सकाळी रॉइस अंगणात तीच चाल शिटीवर वाजवत होता.

"काय चाल बांधलीस लेका! कोणासाठी रे?"

खोटं बोलणं वेंडेलला कधीच जमलं नव्हतं. "तुझ्यासाठीच," तो म्हणाला.

रॉइसने त्याला उचलून गरकन फिरवलं. शाळेची बस चालवून केस पिकलेल्या या माणसाच्या वाट्याला मालिकेत अजून एकही गाणं आलं नव्हतं. "मग आता बस कशाला चालवू? सोमवारी साहेबापुढे किल्ल्या टाकतो बघ!"

आता वेंडेलची पाचावर धारण बसली. सांगावं तर आपली भाकरी जाते, न सांगावं तर त्याची. शेवटी त्याने शपथ घालून बायकोला, लोरीनला सांगितलं.

"मी कशाला बोलू? माझ्या तोंडाला कुलूप," लोरीन म्हणाली.

तोंडाला कुलूप होतं, हातांना नव्हतं. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं, की शेजारीण चिकन आणि भात चीज घालून ओव्हनमध्ये भाजते आणि झाकून नेऊन देते. शनिवारी लोरीनने नेमकं तेच केलं.

"कोण गं गेलं?" दारात रॉइसने विचारलं.

"कोणी नाही," लोरीन म्हणाली. मग तिला राहवेना. "अजून."

त्यानंतर पलीकडची शिटी बंद झाली. रविवारी चर्चमध्येही रॉइसने नजर चुकवली. वेंडेलने मनाशी हिशेब मांडला. याला संशय आला, हा हॉलिसला विचारणार, हॉलिस आपली मानगूट धरणार! दुपारभर घरात येरझारा घातल्यावर त्याने ठरवलं, जे व्हायचं ते होवो, उद्या हा बस सोडून बसायच्या आत सांगून टाकायचं. छातीवर दगड ठेवून त्याने दार उघडलं.

दारात रॉइस उभा होता. पडलेला चेहरा, हातात झाकलेलं भांडं.

"अरे, आमच्याकडे कोणी गेलं नाही," वेंडेल पुटपुटला.

"अजून," रॉइस म्हणाला.

दोघं पायरीवर बसले. "काल शूटिंगला कानावर आलं," रॉइस जमिनीकडे बघत म्हणाला. "बोलायची बंदी आहे, पण तुझ्यापासून कसं लपवू? पुढच्या वर्षी नवी गाणी बंद. जुनी, गाजलेलीच वाजवणार म्हणे."

वेंडेल आठवडाभर दुसऱ्याची भाकरी वाचवायच्या काळजीत होता, आणि जात होती त्याचीच. "रॉइस, तुझा बक..."

"मरतोय. ठाऊक आहे. ते चिकन कधी देतात, एवढं कळतं मला. पहिला घास घेतला आणि ठरवलं, किल्ल्या नाही टाकायच्या." त्याने भांडं पुढे सरकवलं. "डेपोत अजून एक ड्रायव्हर हवाय. उद्या चल माझ्याबरोबर. आणि ते गाणं आता मोठ्याने म्हण की."

वेंडेल गायला. शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना हात करून बक उतरून जातो, असं ते गाणं होतं. रॉइस बाहीला डोळे पुसत ऐकत होता. संपल्यावर त्याने घसा खाकरला.

"छान झालंय. फक्त दुसऱ्या कडव्यात माझं आणखी थोडं कौतुक बसेल का?"

नाहीतरी शेवटचंच गाणं. वेंडेलने हात आखडता घेतला नाही.