शनीच्या लुटारूंचा तिसरा भाग

तिकिटाच्या खिडकीत हात घालण्याआधी इंदूताई एकच प्रश्न विचारायच्या. "भैया, ये पहला भाग है कि दूसरा?"

खिडकीतला माणूस "पहला" म्हणाला की पैसे परत बटव्यात जायचे, छत्री उघडायची आणि इंदूताई घरी परतायच्या. मग आत अंतराळयानं उडोत की ग्रह फुटोत. इंग्रजी अंतराळपटांचं भलतं वेड असलेल्या या बाईंनी एकाही अंतराळपटाचा पहिला भाग कधी पाहिला नाही.

"पहिल्या भागात असतं काय गं?" त्या मला म्हणायच्या. "नुसती ओळखपाळख. हा कोण, ती कोण, यान कुणी बांधलं, राक्षस कुठून आला. अर्धा पिक्चर त्यातच खतम. दुसऱ्या भागात सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. आल्या आल्या कामाला लागतात."

"पण आपल्याला कळायला नको, कोण कोण आहे ते?"

"लग्नाच्या पंगतीत बसतेस तेव्हा सगळे ओळखीचे असतात का? तरी जेवतेसच ना?"

इंदूताई मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या आणि त्यांच्या वाक्याला पूर्णविराम आला की तो ब्रह्मदेवालाही खोडता येत नसे.

मी लग्न होऊन सांगलीहून काशीला गेले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा रेल्वेत. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, त्या इंदूताईंच्या शेजारच्या. नवरा कामावर गेला की मी खिडकीत बसून रडायची. एका शुक्रवारी शेजारच्या गच्चीवरून हाक आली.

"ए सांगली! रडायचं असेल तर आधी खिडकी लाव. बंदर आत येतील. आणि रडायचं नसेल तर चप्पल घाल."

तेव्हापासून माझं नाव सांगली पडलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून शंका आहे.

त्या दिवशी आधी संकठादेवीचं दर्शन झालं. मग रिक्षा. देवीला आलेली बाई नंतर बाजारात जाईल, फार तर मावशीकडे जाईल, असं मला वाटलं होतं. रिक्षा थांबली एका जुन्या टॉकीजपुढे. वर पाटीवर हाताने रंगवलेलं शिरस्त्राण, त्यातून बाहेर आलेले दोन लालभडक डोळे आणि खाली अक्षरं, 'लोहे का दैत्य फिर लौटा'.

"फिर आहे ना? मग चिंता नाही," इंदूताई म्हणाल्या. "दुसराच."

नऊवारी नव्हे, पण कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी, कपाळावर बारीक बुक्क्याची रेघ, मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. अशा थाटात त्या बाल्कनीत बसायच्या आणि पडद्यावरच्या माणसांना सूचना द्यायच्या. "अरे मागे बघ! मागे!" इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण त्या लोकांचं भरभर बोलणं कळत नसे. त्याने काही अडत नव्हतं. "क्रियापद कानावर आलं की बस. कर्ता समोर दिसतोच आहे, आणि कर्म त्याच्या डोक्यावर पडणारच आहे." शंभर माणसांच्या अंधारात त्यांचा मराठी अनुवाद चालायचा. सुरुवातीला खालून कुणीतरी "चुप रहिए माताजी" ओरडायचं. मध्यंतरानंतर तोच आवाज विचारायचा, "माताजी, ऊ का बोलिस?"

हे वेड लागलं कसं, ते मला पुढे कळलं. इंदूताईंचे वडील, अप्पा, जुन्या वळणाचे वैदिक. जन्मभर विद्यार्थ्यांना वेद शिकवले. सत्तरी उलटल्यावर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पाठ सगळं येत होतं, पण विद्यार्थी येईनासे झाले, आणि अप्पांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. इंदूताईंचं लग्न झालं नव्हतं. घरात ही दोघंच.

जेठ महिन्यातल्या एका दुपारी शाळेतून येताना इंदूताईंना उन्हाची भोवळ आली. समोर टॉकीज होतं, आणि आत थंड हवा सोडतात असं दारावर लिहिलं होतं. त्या नुसत्या बसायला आत गेल्या. आत कुठल्याशा सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. बाहेर आल्या त्या तापलेल्या गल्लीतून जवळजवळ धावत घरी, आणि अप्पांच्या खाटेशी बसून सांगायला लागल्या. सिनेमा म्हटलं तर अप्पा चिडतील म्हणून म्हणाल्या, "अप्पा, आज एक वेगळंच पुराण ऐकलं. आकाशात एक नगर होतं. लोखंडाचं."

अप्पा भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी कूस बदलली. मग उठून बसले.

"इंदू," ते म्हणाले, "सिनेमाला गेली होतीस?"

"हो."

"बरं. मग त्या नगराला आग कुणी लावली ते आधी सांग."

कित्येक महिन्यांत ते एवढं सलग बोलले नव्हते. त्यानंतर इंदूताईंनी एकही दुसरा भाग सोडला नाही.

सिनेमा पाहून परतल्यावर संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की आख्यान सुरू व्हायचं. मीही पोळ्या आटोपून जाऊन बसायची. पाहिलेला सिनेमा मी इंदूताईंच्या तोंडून पुन्हा ऐकायची आणि शपथेवर सांगते, पडद्यावर तो इतका चांगला नसायचा. अप्पा मधेमधे अडवायचे.

"यानात पाणी कुठून आणतात?"

"साठवून नेतात, अप्पा."

"म्हणजे शिळं. आणि स्नान?"

"स्नान करताना कुणी दाखवलं नाही."

"छे छे छे. म्हणून राक्षस मागे लागतात."

इंग्रजी नावं अप्पांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली होती. तापट कप्तान म्हणजे जमदग्नी. यंत्रमाणूस म्हणजे लोखंड्या. दुसऱ्या भागाला ते उत्तरखंड म्हणायचे. "उत्तरखंडातच रस असतो," अप्पा म्हणायचे. आपल्या सिनेमाशास्त्राला वडिलांचा पाठिंबा मिळाला म्हणून इंदूताई माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायच्या.

सांगण्याचा मात्र त्यांचा कडक नियम होता. जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. टॉकीजवाले खेळ लवकर आटपावा म्हणून मधलं एखादं रीळ बेधडक गाळायचे. मग इंदूताई आख्यानात तिथे थांबायच्या आणि गंभीरपणे म्हणायच्या, "इथे पाठ त्रुटित आहे, अप्पा." दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरसमोर उभ्या.

"भैया, कल बीचवाला रील कहाँ गया?"

"अरे बहनजी, अंगरेजी पिक्चर में रील कौन गिनता है!"

"हमारे पिताजी गिनते हैं."

ते रीळ पुढच्या खेळाला लावलं गेलं. आम्ही पुन्हा तिकीट काढून तेवढा तुकडा बघून आलो आणि अप्पांचा पाठ पुरा झाला.

मग एका पावसाळ्यात 'शनि ग्रह के लुटेरे, भाग दो' लागला. त्यातला सर्वांत लहान वैमानिक, कोवळा, जरा घाबरट, सारखा आईचा फोटो बघणारा, अप्पांच्या फार मनात भरला. त्याचं नाव त्यांनी बाळंभट ठेवलं. शेवटी यान बिघडतं, दुरुस्तीला कुणीतरी बाहेर जायचं असतं, आणि घाबरट बाळंभटच जातो. कमरेला दोरी बांधून. यान दुरुस्त होतं, पण दोरी तुटते. बाळंभट हात हलवत हलवत लांब जातो, ठिपका होतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात, पुढील भागात पाहा.

इंदूताईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. अप्पांचा हात खाटेच्या कडेवर आपटला.

"म्हणजे? पोराचं काय झालं?"

"ते पुढच्या भागात, अप्पा."

"कधी येणार तो?"

"येईल."

तो येईना. दसरा गेला, देवदिवाळी गेली. मॅनेजर म्हणाला, तिसरा भाग तयार तर झालाय, पण इकडे केव्हा येईल देव जाणे. व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात विचारलं, तिथेही नाही. इंदूताईंनी लखनौच्या एका ओळखीच्या बाईंनाही चौकशी करायला सांगितलं. शाळेतल्या गणिताच्या बाईंना वाटलं, त्या एखाद्या नातेवाइकाची वाट बघताहेत.

त्या थंडीत अप्पा खचले. छातीत कफ, अन्न नकोसं. डॉक्टर येऊन जायचे, जाताना दाराशी इंदूताईंशी हळू आवाजात बोलायचे. वेद म्हणतानाही अप्पांना दम लागायचा. पण इंदूताई शाळेतून आल्या की त्यांचा पहिला प्रश्न, "आला का गं?"

एकदा मीच म्हटलं, "अप्पा, सिनेमाच आहे तो. तो पोरगा खरा थोडाच आहे?"

अप्पांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "ते मला कळतं, सूनबाई. पण तो अंधारात एकटा आहे. कसं असतं ते मला ठाऊक आहे."

इंदूताई स्वयंपाकघरात होत्या. आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

दोन-तीन दिवसांनी त्या शाळेतून आल्या त्या थेट खाटेशी, पायही न धुता. "अप्पा, आला. तिसरा भाग आला. बघून आले."

मी तिथेच बसले होते. कुठलाही भाग आलेला नव्हता. सकाळीच भाजी आणायला गेले तेव्हा मी टॉकीजची पाटी पाहिली होती, तिच्यावर डाकूंचा हिंदी सिनेमा होता. मी इंदूताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

अप्पांना उशी देऊन बसवलं, आणि त्या सांगायला लागल्या. जमदग्नी सगळ्यांवर ओरडतो, यान परत फिरवा म्हणतो. बाकीचे म्हणतात, इंधन संपेल. जमदग्नी म्हणतो, संपू दे. शनीच्या कड्याकड्यांतून शोधतात. दिसत काहीच नाही. सगळा काळोख.

"मग सापडला कसा?" अप्पांनी विचारलं.

इंदूताई थबकल्या. व्याकरणाच्या तासाला मुलींवर वीज होऊन पडणारी ती बाई, शब्द शोधत होती.

"आवाजावरून, अप्पा. तो पाठ येत होतं ते मोठ्याने म्हणत होता. त्याला वाटत होतं कुणी ऐकत नाही, पण तो म्हणत राहिला. त्या आवाजावरून यान त्याच्यापर्यंत गेलं."

अंतराळात आवाज जात नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. इंदूताईंनाही माहीत असणारच. अप्पांनी मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "म्हणत राहिलं पाहिजे. मग आत घेतलं त्याला?"

"घेतलं. लोखंड्याने हात धरून घेतलं. अंगावर शाल घातली. गरम दूध दिलं."

"आंघोळ?"

"आंघोळसुद्धा घातली, अप्पा."

"वा," अप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला. माघ संपता संपता ते गेले.

त्यानंतर इंदूताईंनी सिनेमा बंद केला. शाळा, घर, शुक्रवारचं दर्शन. मी चला म्हटलं की म्हणायच्या, "आता केबलवर सगळं दाखवतात." केबल त्यांच्या घरी नव्हती. मला मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन त्या संस्कृत शब्दांची रूपं चालवायच्या. पण अंतराळाचं नाव नाही.

दीड-दोन वर्षं गेली असतील. टॉकीजला उतरती कळा लागली होती, बाल्कनीतल्या निम्म्या खुर्च्या मोडल्या होत्या. एका शुक्रवारी इंदूताई देवळातून परत आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सांगली, पोरीला घरी कुणाकडे तरी ठेव. शनीचा तिसरा लागलाय."

बाल्कनीत आम्ही दोघीच. इंदूताईंनी शेंगदाणे आणले नव्हते. सिनेमा सुरू झाला. नवा नायक, नवं यान, जमदग्नी जरा जाड झालेला. मी बाळंभटाची वाट बघत होते. सुरुवातीलाच जमदग्नी कुणाला तरी एक वाक्य बोलला, एकच, की त्या पोराला आम्ही गमावलं. एवढंच. फोटोसुद्धा दाखवला नाही. मग लढाया, स्फोट, पुन्हा लढाया. इंदूताई शेवटपर्यंत ताठ बसून होत्या. एकदाही तोंडातून शब्द नाही.

बाहेर ऊन पडलं होतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"बरं झालं, उशिरा आला," त्या म्हणाल्या.

एरवी खेळ सुटला की त्या रिक्षासाठी पळत सुटायच्या, मला मागे टाकून. त्या दिवशी टॉकीजच्या पायरीवरच बसल्या. समोरून रिक्षा जात होत्या, त्या एकीलाही हात करेनात. लस्सीवाल्याच्या दुकानाकडे बघत होत्या, पण लस्सी हवी का विचारलं तर नको म्हणाल्या. बऱ्याच वेळाने मला म्हणाल्या, "तू जा गं. पोर वाट बघत असेल. माझं काय, घरी जाऊन कुणाला सांगायचंय?"

आता माझ्या मोबाइलवर असले शेकडो सिनेमे आहेत, पहिले, दुसरे, सातवे. मुलगी लावून देते, मी बघते. पण ती पायरी आठवली की पुढचं काही दिसत नाही. त्या दिवशी पायरीवर मला काय सुचलं कोण जाणे. मी जांभई दिली.

"मला सांगा ना, इंदूताई. मी मधे झोपले होते. पोरीने रात्रभर जागवलंय."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे रोखून पाहिलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघतात तसं. मला वाटलं, आता ओरडतात.

"कुठून झोपलीस?"

"सुरुवातीपासूनच."

त्या उठल्या, साडी झटकली, रिक्षा थांबवली. चौक आल्यावर घसा खाकरून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हं. तर शनीच्या पलीकडे एक काळोखी जागा होती," आणि रिक्षावाल्याने पायडल मारणं जरा हळू केलं.