दंतवैद्यावर चढलेला ट्रक

यंदा आपला ट्रक दंतवैद्यावर चढणारच, याबद्दल डेलमार स्ट्राउडला तरी शंका नव्हती. दंतवैद्य म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातली, लाल खडकाची साडेतीन फुटी पायरी. चढताना दात खिळखिळे होतात, म्हणून खडकांवर गाड्या चढवणाऱ्यांच्या क्लबने ठेवलेलं नाव. तीन प्रयत्नांत जो चढला नाही, त्याने वर्षभर रांगेत शेवटी चालायचं. गेल्या वर्षी हरलेला यंदा चढला, तर त्या दिवशी रांगेच्या पुढे राहण्याचा मान त्याचा. डेलमार चार वर्षं सतरा गाड्यांची धूळ खात होता. शिंकला की रुमालावर लाल रांगोळी पडायची.

म्हणून नऊ शनिवार-रविवार खपून त्याने जुन्या मालट्रकचा दणकट पुढचा ॲक्सल बसवला. जोडीला तेलाच्या दाबावर फिरणारं नवं स्टिअरिंग. एका बोटाने टायर फिरतात, असं तो पोस्टमनलासुद्धा सांगून मोकळा झाला. शेवटच्या दिवशी तो गाडीखाली आडवा पडून तेलाची गळती शोधत होता आणि बायको टॅमी स्टिअरिंगवर होती. टायर फिरतात का, असं त्याने खालून विचारलं. फिरतात, ती म्हणाली. कुणीकडे फिरतात, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. मग विंचच्या दोराने ओढून ट्रक ट्रेलरवर चढवला आणि सकाळी थेट पायरीसमोर उतरवला.

वाट दाखवायला सासूबाई होत्या. वर्ना, वय एकाहत्तर, क्लबात तिच्याइतकी नजर कुणाची नाही. या कामात डावं-उजवं म्हणायचं नसतं. समोरासमोर दोघांचं उलटं होतं. म्हणायचं ‘ड्रायव्हर’ किंवा ‘पॅसेंजर’. आणि चालवणाऱ्याने टायरकडे बघायचं नाही, फक्त वाट दाखवणाऱ्याकडे बघायचं. डेलमार नियमाला पक्का.

“ड्रायव्हर,” वर्ना म्हणाली. डेलमारने स्टिअरिंग ड्रायव्हरच्या बाजूला वळवलं. ट्रक पॅसेंजरच्या बाजूला गेला.

“ड्रायव्हर, ड्रायव्हर!”

त्याने आणखी वळवलं. ट्रक आणखी तिकडेच गेला आणि खडकाला नाक घासून थांबला.

“जावईबापू,” वर्ना शांतपणे म्हणाली, “ड्रायव्हर म्हणजे तू बसलायस ती बाजू.”

वर खडकावर सँडविच खात बसलेला क्लब खूश झाला. एकाने टॅमीला विचारलं, घरीही हा असाच ऐकतो का? टॅमीने सांगितलं, घरी याहून कमी.

दुसरा प्रयत्नही तसाच गेला. तिसऱ्याआधी वर्ना वाकली, बंपरखाली पाहिलं, टोपी घट्ट केली आणि पुन्हा समोर उभी राहिली. आता ती ‘पॅसेंजर’ म्हणाली, मग ‘ड्रायव्हर’, मग ‘थोडं पॅसेंजर’. आणि ट्रक पालीसारखा भिंत चढून वर आला!

सतरा हॉर्न वाजले. डेलमारने नव्या ॲक्सलवर छोटं भाषण केलं. टाळ्या ओसरल्यावर वर्ना त्याच्या कानाशी लागली. “स्टिअरिंगच्या तेलाच्या दोन्ही नळ्या उलट्या लावल्यास. या खेपेला मी सगळं उलटं सांगत होते. कुणाला बोलत नाही.”

डेलमारचा चेहरा खडकाच्या रंगाचा झाला. सगळे पुन्हा खाण्यात गुंतल्यावर तो गुपचूप गाडीखाली शिरला, वीस मिनिटांत नळ्या बदलल्या, हात पुसून वर आला. कुणाला बोलला नाही. वर्नालाही नाही.

मग मानाने निघाला, मागे सतरा गाड्या. पहिलंच वळण ड्रायव्हरच्या बाजूला होतं. वर्ना चालत पुढे जाऊन उभी राहिली, जावयाची लाज राखायची म्हणून ठणकावून ओरडली, “पॅसेंजर!”

टायरकडे बघायचं नाही, हा नियम. डेलमार तडक जुनिपरच्या झुडपात घुसला. पुढचं टायर दोन दगडांत असं बसलं की जणू तिथेच उगवलं होतं.

वर्ना झुडपापाशी आली. “नळ्या बदलल्यास? सांगायचं तरी.”

“तुम्ही कानात सांगितलंत, आई. म्हणून मीही हळूच बदलल्या.”

सोळा गाड्या हॉर्न वाजवत शेजारून गेल्या. सतराव्याने दोर लावून ट्रक ओढून काढला, हात हलवला आणि तोही पुढे गेला. वर्ना शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि उरलेल्या सँडविचचा अर्धा तुकडा तिने डेलमारपुढे धरला.

त्याने घास घेतला. दाताखाली सतरा गाड्यांची धूळ कचकचली. पण यंदाची धूळ पायरीच्या वरची होती, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.