पारिजातक हाजिर हो

आमचे घरमालक नामदेवबापू फांदी कापण्याआधी तिच्या नावाचा तीनदा पुकारा करतात. हातात कात्री, डोक्यावर टोपी, जुन्या कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि समोर पानं गळून उघडंबोडकं झालेलं अंगणातलं पारिजातक. "उगवतीकडची, खालून तिसरी फांदी, हाजिर हो." फांदी हजर असतेच, जाणार कुठं? पण तीन हाका मारून, थोडं थांबून, मगच बापू पुढच्या कामाला लागतात. मधेच कुणी हसलं तर ते नुसतं बघतात. हसणारा आपोआप गप्प बसतो.

बापूंनी उभी हयात कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. व्हरांड्यातून मारलेली त्यांची हाक रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्या पक्षकाराला ठसका लावायची म्हणे. ते निवृत्त झाले, पुकारा काही झाला नाही. रोज पान वाढून झालं की "मथुराबाई नामदेव, हाजिर हो" असा आवाज खालून येतो. स्वयंपाकघरातून काकू "गैरहजर" म्हणतात आणि गरम भाकरी घेऊन येतात. एकदा बापू औरंगपुऱ्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात वेळ घालवायला आले आणि न सांगता कामाला लागले. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचे आणि कागद तयार झाला की रस्त्यावर जाऊन पुकारायचे. एक जण इतका घाबरला की मूळ कागद तिथंच टाकून निघून गेला. तो कागद अजून माझ्या गल्ल्यात आहे.

तर, माघात पारिजातकाची पानं गळाली की आमच्या अंगणात कोर्ट बसतं. मी हुजूर. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि माझ्याकडे हातांची खुर्ची आहे, एवढीच माझी पात्रता. काकू आरोपी फांद्यांच्या वकील. त्यांचा बचाव दर वर्षी एकच असतो, की राहू द्या, उन्हाळ्यात तेवढीच सावली पडेल. बापू स्वतः शिपाई, सरकारी वकील आणि सजा अमलात आणणारे, असे सगळेच.

आरोप मात्र पक्के असतात. एक फांदी दुसरीच्या अंगावर चालून गेलेली असते. एक वाळलेली असते, तिच्यापुढे बापू टोपी काढतात आणि सांगतात, "मयताला सजा नाय, हुजूर. काडून टाकू." एक नुसती सरळसोट वर गेलेली असते, फूल नाही की बी नाही, फुकट खाऊन वाढलेली. या फांदीबद्दल मला दर वर्षी आपुलकी वाटते आणि मी दया दाखवायची शिफारस करतो. ती कधी मान्य होत नाही. निकाल लागला की बापू नवा कोंब फुटणाऱ्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घेतात, जखमेवर शेणमाती लिंपतात आणि खाली पडलेल्या फांदीला हळूच म्हणतात, "जा आता." माळ्यानं चहाच्या आधी उरकावं असं काम, आमच्याकडे दिवस जातो. मी दुकान बंद ठेवून बसतो. मला राग येतो, पण त्या दिवशी काकूंच्या हातची शेवेची भाजी असते.

सगळ्यात शेवटी मावळतीच्या फांदीचा नंबर. ही फांदी भिंतीवरून पलीकडे गेली आहे. पलीकडे बापूंचे धाकटे भाऊ उत्तमराव राहतात. वडील फुलंब्रीहून शहरात आले, हर्सूलला प्लॉट घेतला, आणि त्यांच्या माघारी पोरांनी त्याच्या मधोमध भिंत घातली. भिंत एक वीत इकडे की तिकडे, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत. फांदीनं त्यांच्या हद्दीत अतिक्रमण केलंय, म्हणून बापूंच्या कोर्टात फिर्यादी उत्तमराव. त्यांना याची कल्पना कुणी दिलेली नाही. बापू भिंतीकडे तोंड करून छाती भरून पुकारतात, "फिर्यादी उत्तम किसनराव, हाजिर हो." पलीकडून चमचा पडल्याचाही आवाज येत नाही. मग बापू माझ्याकडे वळतात. "फिर्यादी गैरहजर. तारीख द्या, हुजूर." मी पुढच्या माघाची तारीख देतो. फांदी वर्षभर सुटते.

खऱ्या कायद्यात फिर्यादी आला नाही की खटलाच निकालात निघतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. बापू म्हणाले, ते तिकडच्या कोर्टात. भिंतीचा खरा दावा कधी का टाकला नाहीत, असंही तेव्हाच विचारलं होतं. त्यांनी कात्री पुसायला घेतली.

"दावा टाकला असता तर त्याच्या नावाचा पुकारा मलाच करावा लागला असता. लई भावांना पुकारलं मी तिथं. एकदा पुकारलेलं घर परत जुळलेलं नाय पाह्यलं."

मग अंगणात का पुकारता, हे मी विचारलं नाही. तोवर मला कळलं होतं. वर्षातून एकदा भावाचं नाव मोठ्यानं घ्यायची त्यांनी सोय करून ठेवली होती.

यंदा मात्र ती सोय संपायची वेळ आली. मावळतीची फांदी इतकी जड झाली होती की बेचक्यात चीर दिसायला लागली. ती तशीच ठेवली तर पहिल्याच वादळात झाड मधून फाटणार होतं. काकूंनी, म्हणजे फांद्यांच्या वकिलांनीच, मला जिन्यात गाठून सांगितलं की यंदा तारीख देऊ नका, झाड तरी राहू द्या. मी मान डोलावली. त्या दिवशी बापूंनी सकाळपासून इतर फांद्यांचे खटले उगाच लांबवले. वाळलेल्या काटकीची उलटतपासणी घेतली. पण ऊन उतरलं आणि नंबर लागलाच.

पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. मी एकतर्फी निकालाचं वाक्य मनात जुळवत होतो. बापू भिंतीकडे बघत उभे राहिले. तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून फिर्यादीही आलं नाही आणि किसनरावही नाही. "उत्तम," ते म्हणाले, एवढंच, आणि तेही जवळच्या माणसाला म्हणावं तेवढ्याच आवाजात.

भिंतीपलीकडे बादली पालथी घातल्याचा आवाज आला. मग एक टक्कल वर आलं.

"हाजिर हाय, दादा."

शेवटी हुजूर मीच होतो, म्हणून मी तक्रार काय आहे ते विचारलं.

"तक्रार नाय," उत्तमराव म्हणाले. "बहरात रोज सकाळी खाली धोतर अंथरतो मी. देवाला यवढी फुलं व्हतात. फांदीला या बाजूनं टेकू लावा. बांबू हाय माझ्याकडं, पण एकट्याला धरवत नाय."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. फांदीला टेकू द्यावा, असा निकाल मी दिला, पण तो कुणी ऐकला नसावा. बापूंनी कात्री खाली ठेवली आणि चप्पल न घालताच फाटकाबाहेर पडले. भिंतीला वळसा घालून उत्तमरावांच्या दारापर्यंत गेले आणि तिथं उंबऱ्याबाहेर थांबले. आम्ही मागोमाग गेलो. काकू म्हणाल्या, जा की आत, दार उघडंच हाय.

"पुकाऱ्याबिगर कसं जायचं?" बापू म्हणाले. कोटाचं वरचं बटण लावून ते पक्षकारासारखे भिंतीला लागून उभे राहिले. सगळ्या जिल्ह्याला आत पुकारणारा हा माणूस, त्याला आत बोलावणारं कुणी नव्हतं.

आतून खाकरल्याचा आवाज आला. उत्तमरावांचा आवाज मुळातच बारीक, त्यात सवय नाही.

"नामदेव किसनराव, हाजिर हो."

दुसऱ्या पुकाऱ्याची गरज पडली नाही.