खांबेटेकाकांचा सॉरीसंग्रह

आमच्या इमारतीतल्या खांबेटेकाकांनी सौदीतल्या अल-खोबरमधल्या एकोणीस वर्षांत कुणाला सॉरी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि याच काकांकडे, सॉरीला थाई भाषेत काय काय म्हणतात याची एक दोनशे पानी वही आहे.

पहिल्या विधानाबद्दल शंका असेल तर आमच्या मिक्सरची गोष्ट ऐका. काकांनी तो इडलीचं पीठ वाटायला नेला आणि जाळून परत आणला. दारात उभे राहून म्हणाले, "मीनल, तुझ्या मिक्सरचं वायंडिंग कमजोर होतं. माझ्याकडे जळला म्हणून बरं. तुझ्याकडे जळला असता तर पडद्याने पेट घेतला असता. नोंद घे." मी चक्क थँक्यू म्हणाले. ते गेल्यावर माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, "थँक्यू कशाबद्दल?" असं विचारलं, तेव्हा कुठे मला राग आला.

एकदा सुपरमार्केटमध्ये त्यांनी भरलेली ट्रॉली एका सुदानी गृहस्थाच्या घोट्यावर घातली. काकांनी वाकून फरशी निरखली, बोट फिरवून पाहिलं आणि फरशी निसरडी असल्याचं जाहीर केलं. तो भला माणूस स्वतःचाच घोटा चोळत "माअलेश, माअलेश", म्हणजे असू दे, असू दे, म्हणून काकांचंच सांत्वन करत होता.

काका एका कंपनीत फायर अँड सेफ्टीला आहेत. तिथे अपघात झाला की कारण शोधायचं असतं, आणि कारण सापडलं की चूक कुणाची हा प्रश्नच उरत नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. ते घरीही तसंच चालतं. पोळी करपली तर कारण तवा, भांडण झालं तर कारण हवामान. काकूंनी तीस वर्षं या शास्त्रापुढे हात टेकले होते.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू डोंबिवलीला गेल्या, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. आणि आठवड्याभरात त्यांना थाई भाषेचं खूळ लागलं.

सुरुवात कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या, थाई हॉटेलात झाली. आम्हीच त्यांना जेवायला नेलं होतं. ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीला काकांनी गंभीरपणे विचारलं, "हाऊ डू यू से सॉरी?" ती घाबरली. "सॉरी सर," ती म्हणाली. "नो, नो, इन थाई!" तिला वाटलं, साहेब इतके चिडलेत की त्यांना माफी तिच्या भाषेतच हवी आहे. ती मॅनेजरला घेऊन आली, मॅनेजरने आचाऱ्याला आणलं, आणि तिघांनी आमच्यापुढे हात जोडले. आमच्या मुलाने मेन्यूकार्डामागे तोंड लपवून "मम्मा, आय वाँट टू गो होम" लावलं. काका मात्र खिशातून पेन काढून म्हणाले, "सावकाश. एकेकाने सांगा."

मग त्यांना सोमचाय सापडला. हा त्यांच्या कंपनीत नवीन आलेला वेल्डिंग इन्स्पेक्टर, पस्तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा आणि नाही म्हणायला न शिकलेला. काकांनी त्याला दर गुरुवारी संध्याकाळी पोहे खायला बोलवायला सुरुवात केली. पोहे मी करायचे, कारण काकांच्या हातचे एकदा खाल्ल्यावर तो पुन्हा आला नसता. पोह्यांच्या बदल्यात तो एकेक शब्द द्यायचा, आणि काका तो देवनागरीत उतरवून माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचे. मी शाळेत मराठी शिकवते, एवढीच माझी थाईची पात्रता.

वही मात्र वाचण्यासारखी होती. रस्त्यात धक्का लागला तर थाई माणूस म्हणतो, 'खो थोत'. खो म्हणजे मागणे आणि थोत म्हणजे चक्क आपला दोष. "बघ मीनल," काका म्हणाले, "आपण 'माफ करा' म्हणतो, म्हणजे काम समोरच्याला लावतो. हा म्हणतो, दोष इकडे द्या. नोंद घे." जवळच्या मित्राचा पाय तुडवला तर नुसतं 'थोत थी'. लिफ्ट बंद असेल तर पाटीवर 'खो अफाय', आणि हा अफाय म्हणजे आपला अभय. कुणी गेलं तर 'सिया जाय', मन मोडलं. इंग्रजांनी या सगळ्यांना मिळून एकच सॉरी दिली आणि हात झटकले, याबद्दल काकांनी मला अर्धा तास ऐकवलं.

"काका, इतक्या वर्षांत तुम्हाला मराठीतला एक लागला नाही. थाईतले चार कशाला?"

"ज्ञान," काका म्हणाले.

त्या ज्ञानाचं मूळ मला पुढच्याच आठवड्यात कळलं. काकूंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्यामागे खिडकीत ऑर्किड टांगलेली होती, आणि डोंबिवली कितीही सुधारली तरी तेवढी सुधारणं शक्य नव्हतं.

"अगं, मी बँकॉकला आहे. मुग्धाला मुलगी झाली. ह्यांनी सांगितलं नाही?"

मुग्धा ही काका-काकूंची एकुलती एक लेक. बँकॉकला नोकरी करते आणि तीन वर्षांपूर्वी तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं, एवढं मला माहीत होतं. त्या लग्नाला काका ऑडिटमुळे गेले नाहीत, असं ते सांगायचे. खरं कारण काकूंनी सांगितलं. मुलाकडच्यांनी घरी येऊन रीतसर मागणी घातली नाही, आमंत्रणही व्हॉट्सॲपवर पाठवलं. मुलीच्या बापाला विचारायला कुणी आलं नाही, म्हणून मुलीचा बापही गेला नाही. काकू एकट्या जाऊन लग्न लावून आल्या.

"आता मी सांगितलंय," काकू म्हणाल्या, "आधी विहीणबाईंची माफी मागा आणि मग बारशाला या. तोवर नातीचं तोंड फोटोतसुद्धा दाखवणार नाही." मग त्यांनी फोन फिरवून मला बाळ दाखवलं. कपाळ थेट काकांचं होतं. बारशाला तीन आठवडे होते.

मी जाऊन काकांना सरळ विचारलं. ते जराही वरमले नाहीत. "चूक माझी नाहीच. यायला त्यांनी हवं होतं. पण नात बघायची आहे. म्हणून मी योग्य मापाचा शब्द शोधतोय."

म्हणजे हा गृहस्थ इतके आठवडे थाई भाषेतली सगळ्यात लहान माफी हुडकत होता! त्यांची पसंती 'थोत थी'ला होती. सोमचायला विचारलं तेव्हा त्याने दोन्ही हात हलवले. "मुलीच्या सासूबाईंना 'थोत थी'? सर, प्लीज, नो."

पुढच्या गुरुवारी सोमचाय नेहमीसारखा आला. त्याच्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि तो मोबाइलवर फोटो दाखवत होता. ढोल वाजवत, नाचत वरात चालली होती. माणसांच्या हातात फळांची, मिठाईची तबकं होती आणि पुढे दोघांनी मुळासकट केळीची रोपं धरली होती.

"हे सगळे कुठे निघाले?" काकांनी विचारलं.

"मुलीच्या घरी. मागणी घालायला."

"लग्नाच्या दिवशी?"

"तेव्हाच सर. आमच्यात बऱ्याचदा असंच. वरातीतला वडीलधारा माणूस मुलीच्या आईवडिलांना विचारतो, ते हो म्हणतात, मग लग्न."

 काकांनी विचारलं, "आणि मुलीचा बाप घरी नसला तर?"

सोमचायला हा विनोद वाटला. "कुठे जाईल? तो असतोच ना, सर."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मला काकूंना फोन लावायला सांगितलं. काकूंनी लग्नाच्या दिवसाचं सगळं सांगितलं. त्या हॉटेलात उतरणार होत्या, पण विहीणबाईंनी स्वतःच्या बहिणीचं घर तीन दिवसांसाठी रिकामं करून घेतलं. मुलीच्या वडिलांना दार हवं, नाहीतर मागणी घालायची कुठे? वरात दारात आली. मुग्धा म्हणत राहिली की बाबा शेवटच्या विमानाने येतील, थोडं थांबा. सगळे थांबले. शेवटी काकूंनीच दार उघडलं.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही विषय काढू दिलात का?" काकू म्हणाल्या.

आपल्याकडे वऱ्हाड आलं की सीमेवर सामोरं जायचं काम मुलीच्या बापाचं. हे काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भाचीच्या लग्नात वऱ्हाडाच्या बसला सामोरं जायला उशीर झाला म्हणून हेच काका स्वतःच्या मेहुण्याशी वर्षभर बोलले नव्हते. ते बराच वेळ मोबाइलवरच्या त्या केळीच्या रोपांकडे बघत बसले. मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

मग त्यांनी वही उघडली. "सोमचाय, सगळ्यात मोठी माफी कुठली?"

सगळ्यात मोठी 'खो खमा'. खमा म्हणजे क्षमाच. ती नुसती बोलून होत नाही. तबकात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती ठेवून गुडघ्यांवर बसून मागायची. पण मागायची लहानाने मोठ्याची. काका एकोणसाठ वर्षांचे आणि विहीणबाई चौपन्न. मोठ्या माणसाने लहानापुढे हात जोडले तर लहानाचं आयुष्य कमी होतं, असं सोमचाय भीतभीत म्हणाला.

"आमच्यात मुलाची आई मोठी. वय बघत नाहीत," काका म्हणाले. "नोंद घे."

सोमचाय अवघडून म्हणाला, "ठीक आहे सर. पण मी सांगितलं असं सांगू नका."

शुक्रवार दुपार ठरली. मी मल्याळी दुकानातून मोगऱ्याचा गजरा आणला, काकूंचं चांदीचं तबक चिंचेने घासलं. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. उदबत्ती मात्र त्यांनी पेटवू दिली नाही, कारण छताला स्मोक डिटेक्टर होता आणि क्षमा मागतानाही नियम तो नियम. दोन्ही हातांत तबक असल्यामुळे फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. "कठीण शब्द आहे," ते पुटपुटत होते, "खमाचा मा खाली जाऊन वर येतो."

फोन लागला. काकांनी गुडघे टेकायला सुरुवात केली. एकोणसाठाव्या वर्षी हे काम टप्प्याटप्प्याने होतं. ते अर्ध्यावर होते तेवढ्यात मी स्क्रीनकडे पाहिलं. विमोनबाई, म्हणजे विहीणबाई, जमिनीवर पाय दुमडून बसल्या होत्या. त्यांच्यापुढेही तबक होतं, फुलं, मेणबत्ती सगळं. त्यांनी कपाळापर्यंत हात जोडले, वाकल्या आणि म्हणाल्या, "खो खमा."

मुग्धाचा आवाज आला. "बाबा, सासूबाई म्हणतात, तुम्ही मोठे आहात. तुमच्या रीतीप्रमाणे आधी घरी येऊन विचारायला हवं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चूक त्यांची."

काका अर्ध्या गुडघ्यावर तसेच राहिले. मग एकदम चिडून म्हणाले, "अगं, पण हे माझं होतं! मी म्हणणार होतो!"

पलीकडे कुणीतरी हसलं, बहुतेक जावई. काका हसले नाहीत. तबक खाली ठेवून सोफ्याला धरून उठले आणि म्हणाले, "मुग्धा, त्यांना विचार. त्या दिवशी दारात किती वेळ उभ्या होत्या?"

मुग्धाने विचारलं. विहीणबाईंनी मान हलवली, सांगेनात. शेवटी मुग्धाच म्हणाली, "चाळीस मिनिटं, बाबा. एप्रिलमध्ये. उन्हात."

काकांनी तबक उचललं, दार उघडलं आणि जिना उतरायला लागले. मला वाटलं, राग आला. मी फोन घेऊन मागे धावले. ते इमारतीच्या फाटकाबाहेर गेले, फाटक ओढून घेतलं आणि बंद फाटकाकडे तोंड करून तबक धरून उभे राहिले. दुपारचा एक वाजला होता. या दिवसांत बारा ते तीन उन्हात उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि कंपनीत ती पाळून घेण्याचं काम काकांचंच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बांगलादेशी वॉचमन खुर्चीतून उठून विचारायला लागला, "साहब का चाबी खो गया?"

मी त्याला गप्प केलं आणि फोन फाटकाच्या गजांमधून काकांकडे धरला.  दोन मिनिटं झाली, पाच झाली. झब्बा पाठीला चिकटला, मोगरा मलूल पडायला लागला. मी म्हटलं, "काका, पुरे. चक्कर येईल." ते हलले नाहीत.

फोनमधून काकूंचा आवाज आला, "हे काय चालवलंय ह्यांनी?" मग मुग्धाने विहीणबाईंना काहीतरी सांगितलं. पलीकडे धावपळ झाली. चित्र हललं, आणि दिसलं की विहीणबाई नातीला कडेवर घेऊन त्यांच्या घराच्या दाराशी आल्या आहेत. त्यांनी दाराचे दोन्ही पल्ले सताड उघडले. काकूंकडे वळून त्यांनी कानात काहीतरी विचारलं, काकूंनी सांगितलं, त्यांनी ओठ हलवून दोनदा म्हणून पाहिलं. मग बाळाचा चेहरा पुढे करून मोठ्याने, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "या व्याही, आत या."

काकांनी पहिल्यांदाच नातीचं तोंड पाहिलं. तबक हातात तसंच धरून ते लहान मुलासारखे रडायला लागले. माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने मी फाटकाची कडी काढत होते, त्यामुळे मला माझे डोळे पुसता येईनात. शेवटी वॉचमननेच मला टिश्यूचा डबा दिला.

संध्याकाळी श्रीकांतने विचारलं, "मग, म्हणाले का सॉरी?"

मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. ना थाईत, ना मराठीत. बारशाला मात्र ते चार दिवस आधीच जाऊन पोचले, आणि काकू सांगत होत्या की दार उघडंच असूनही विहीणबाईंनी हाताला धरून आत नेईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर उभे होते.